दोन बाह्यांचं झाकण

१ फेब्रुवारी, रविवार

शेवटी त्यांना माझी आठवण झाली. व्याख्यानमालेचे चिटणीस आज स्वतः घरी आले होते. दर रविवारी दुपारी चार वाजता कॅमेऱ्यासमोर तासभर बोलायचं, ऐकणारे आपापल्या घरून ऐकतील. विषय मी निवडायचा. मी क्षणाचाही विचार न करता सांगून टाकला: 'माणसाचा आवाज'.

खरं लिहायचं तर गेली काही वर्षं मला कुणी बोलावलेलं नाही. हार गेले, गाडी पाठवणारे गेले, 'सर, दोन शब्द तरी' म्हणत दारात उभे राहणारेही गेले. मी कुणाकडे कुरकुर केली नाही. आरशासमोर बोलत राहिलो. तलवार लढाईत नसली तरी म्यानातून काढून पुसावी लागते.

अडचण एकच. आमची इमारत खोलगट जागेत, भोवती उंच भिंती. मोबाइलला रेंज हवी तर गच्चीत जावं लागतं. तेव्हा इंटरनेटची तार ओढून घेणं आलं, वाय-फाय आलं. जेवताना हिला सांगितलं. ही यंत्रांच्या बाबतीत पहिल्यापासून भोळी. मिक्सरचं बटणसुद्धा डोळे मिटून दाबते. पण आज चमचा खाली ठेवून विचारते, "मागच्या खोलीत येईल का हो ते?"

"तुला काय करायचंय मागच्या खोलीत?"

"मला काय करायचंय! विचारलं आपलं."

माझ्या कामात तिनं इतका रस कधी घेतला नव्हता. बरं वाटलं.

५ फेब्रुवारी

राउटर घ्यायला गेलो. दुकानदार नुसता बोलघेवडा.

"काका, हा न्या. सहा अँटेना!"

"सहा? राउटर आहे की विंचू?"

"गेम खेळायला एकदम बेस्ट."

"मला खेळायचं नाही, बोलायचंय."

एक गोष्ट मात्र त्यानं कामाची सांगितली. यातून दोन तऱ्हेच्या लहरी निघतात म्हणे. एक वेगवान, पण भिंत आली की दम सोडते. दुसरी संथ, पण भिंतीतून पलीकडे जाते. मला हे फार आवडलं. ज्यांना घाई असते ते पहिल्या भिंतीशी थांबतात, ज्यांच्याकडे चिकाटी असते ते भिंती ओलांडतात! पहिल्याच भाषणात वापरणार.

दोन अँटेनांचा, पांढरा, जाडजूड पुस्तकाएवढा राउटर आणला. सोबत सूचनांची पुस्तिका आहे. उंच ठेवा, मोकळ्या हवेत ठेवा, अंगावरचे झरोके झाकू नका, वगैरे. ज्यांना एक वाक्य धड लिहिता येत नाही त्यांनी मला सूचना द्याव्यात! पुस्तिका खणात टाकली.

हिला लहरींची गंमत सांगितली. तिनं विचारलं, "भिंतीतून जाणारी कुठली म्हणालात?"

७ फेब्रुवारी

नेटवाला तार जोडून गेला. जाताना विचारत होता, "काका, हा जुना फोन काढायचा की ठेवायचा?"

"काढ. मुळापासून काढ."

तो फोन म्हणजे ताप झाला होता. दुपारी वाजायचा, मी उचलला की पलीकडे कुणी बोलायचं नाही. नुसता श्वास ऐकू यायचा, मग कट. हिनं उचलला तर राँग नंबरच असायचा, पण राँग नंबरशीही ही बराच वेळ 'हं... हं...' करत उभी राहायची. बायकांना कुणाला तोडून बोलता येत नाही.

"असू द्या की तो," ही म्हणाली. "खातोय की पितोय?"

"रिकाम्या घंटा ऐकायला मी घर घेतलेलं नाही."

फोन निघाला तिथं भिंतीवर स्वच्छ चौकोन उरला आहे. संध्याकाळी ही तो चौकोन पुसत होती. तेवढाच भाग स्वच्छ, आणि हिनं तोच पुसावा!

पासवर्ड मी ठेवला, 'मुक्तवाणी', पुढे उद्गारचिन्ह. मला मुक्यानं काही लिहिता येत नाही. एकेक अक्षर ठणठणीत उच्चारून टाइप केलं: एम! यू! के! टी! ए! नेटवाला हसायला लागला. "हळू हो काका, खालच्या शिंप्यालासुद्धा पाठ होईल."

१० फेब्रुवारी

राउटर हॉलमध्ये पुस्तकांच्या कपाटावर ठेवला आहे, माझ्या सन्मानचिन्हांच्या रांगेत. तिथून सगळ्या खोल्यांत सिग्नल पोचतो. मागच्या खोलीत मात्र जेमतेम एक रेघ. मी म्हटलं, असू दे. त्या खोलीत वॉशिंग मशीन आणि अडगळ, तिथं कोण ऐकणार आहे?

ही म्हणाली, "तिथं शांत असतं. भाषणाची तयारी तिथं बसून केलीत तर बरं नाही का? रस्त्याचा आवाज येत नाही."

बोलण्यात तथ्य होतं. आज एक्स्टेंडर आणून तिथल्या सॉकेटमध्ये लावला. सिग्नल पुढे ढकलण्याचा डबा. आता तिथंही रेघा पूर्ण.

ती खोली पूर्वी एकीची होती. तिचं नाव या घरात निघणार नाही आणि या वहीतही येणार नाही, हा माझा शब्द आहे. कारण मात्र लिहितो, म्हणजे पुढे कुणी मला निष्ठुर म्हणू नये. मी भरगच्च सभागृहात बोलत होतो, ज्यांना कुणी बोलू देत नाही त्यांच्याबद्दल. प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि ती उभी राहिली. "सर," म्हणाली, पोटची पोर मला सर म्हणाली, "तुमच्या घरात आईला बोलू देता का?" सभागृह हसलं. नेमका कुठं थांबलं की हशा येतो, हे तिला मीच शिकवलं होतं.

त्या दिवसापासून मला मुलगी नाही. मला विरोध चालतो. मी विरोधावरच वाढलो आहे. पण हशा चालत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

जिंकलो! पहिलं भाषण तासभर अखंड झालं, एकदाही अडखळलं नाही. ऐकणारे खाली पडद्यावर लिहीत होते: 'सर, अंगावर काटा आला.' 'असा आवाज आता कुठं!' शेवटी मी म्हणालो, "ज्या घरात एक माणूस गप्प बसतो, त्या घराच्या भिंती तुरुंगाच्या असतात!" त्यावर टाळ्यांच्या चित्रांचा पाऊस पडला.

बाहेर येऊन हिला विचारलं, "कसं झालं?" ही मागच्या खोलीतून आली. डोळे लाल, पण चेहरा उजळलेला. "छान झालं," म्हणाली. भाषणानं ती इतकी हललेली मी कधी पाहिली नव्हती.

हल्ली दुपारभर ती मागच्या खोलीतच असते. विणकाम काढलं आहे पुन्हा. वरच्या मजल्यावरची नर्स रात्रपाळी करून झोप झाली की तिच्याशी बोलायला येते. मी भाषणाच्या तयारीला तिथं जातो म्हटलं तर ही म्हणते, "मशीन लावलंय, आवाज होईल." मग मी हॉलमध्येच बसतो.

२६ फेब्रुवारी

आज माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे इथं लिहून ठेवतो.

आमच्या घरात उघडं असं काही राहत नाही. टीव्हीला झाकण, मिक्सरला झाकण, रिमोटला पिशवी, शिलाई मशीनला झालरीचा झगा. सगळं हिच्या हातचं. गंमत म्हणून मी पाहुण्यांना सांगतो, मी एका जागी फार वेळ बसलो तर ही मलाही झाकण शिवेल. तर आज चष्मा शोधताना विणकामाची टोपली उघडली आणि तळाशी, जुन्या साडीत गुंडाळलेलं सापडलं: पिवळ्या लोकरीचं, बरोबर राउटरच्या मापाचं झाकण! आणि काय अक्कल बघा, अँटेनांसाठी दोन बाजूंना दोन नळ्या विणल्या होत्या. वर गळ्याशी छोटी गुंडी, वायर आत घ्यायला.

न सांगता, न विचारता, माझ्या यंत्रासाठी! लगेच नेऊन चढवलं. तंतोतंत बसलं. दोन अँटेना दोन नळ्यांतून वर आल्या आणि ठरावाला हात वर करणाऱ्या सभासदासारखं ते कपाटावर उभं राहिलं.

हिला हाक मारली. ती दारातच थांबली. चेहरा पांढराफटक. लपवून ठेवलेली भेट अशी आधीच उघडली गेली, दुसरं काय!

"अहो, ते... ते राहू दे ना. काढा ते."

"का? कुणासाठी विणलंयस मग?"

तिनं पदरानं दाराची चौकट पुसली. "धूळ बसेल म्हणून," एवढंच म्हणाली.

लाजाळूपणाचा कळस आहे.

८ मार्च, रविवार

घात झाला. अर्ध्या भाषणात चित्र गोठलं. माझं तोंड उघडं, हात हवेत, आणि आवाज गायब! परत जोडलं, परत गेलं. ऐकणारे लिहीत होते: 'सर, दिसत नाही.' 'सर अडकले.' एकानं हसणारा चेहरा टाकला. हसणारा चेहरा!

मागच्या रविवारीही शेवटी शेवटी थोडं अडखळलं होतं. तेव्हा दुर्लक्ष केलं.

उठून कपाटापाशी गेलो, राउटरला हात लावला. ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखा गरम. म्हणजे यंत्र मरमर राबतंय. माझ्या एकट्यासाठी इतकं? की आणखी कुणासाठी?

९ मार्च

राउटरचं अॅप मोबाइलवर घेतलं. आपल्या वाय-फायवर कोण कोण आहे याची यादी त्यात दिसते. माझा लॅपटॉप. माझा मोबाइल. एक्स्टेंडर. आणि शेवटी: 'अनोळखी उपकरण'.

चोर!

माझ्या घरात, माझ्या तारेवर, माझ्या आवाजाचं रक्त पिणारा! चोर दिसला म्हणून मला आनंदच झाला, हेही लिहितो. शत्रू दिसत नाही तोवर वक्ता अर्धाच असतो. अॅप सांगतं की हा चोर रोज दुपारी येतो, आणि एक्स्टेंडरमार्फत येतो, म्हणजे मागच्या बाजूनं. मागच्या खोलीच्या बरोबर खाली शिंप्याचं दुकान.

हिला यादी दाखवली. पाहता पाहता तिच्या हातातली सुई गळून पडली.

"असेल कुणीतरी बिचारं," म्हणाली. "थोडंसं घेतलं तर काय बिघडलं? पाणी का आटणार आहे?"

"आज वाय-फाय, उद्या घर!"

"सगळी इमारत धुंडाळाल तुम्ही. काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती सुई शोधत पुटपुटली. म्हणी नको तिथं वापरायची तिची जुनी खोड आहे.

त्या ओळीवर बोट ठेवलं. अॅपनं विचारलं, ब्लॉक करायचं? मी 'होय' म्हणालो. मोठ्यानं म्हणालो.

१२ मार्च

हिला गच्चीचं वेड लागलं आहे. सकाळी कपडे वाळत घालायला, दुपारी काढायला, संध्याकाळी पुन्हा. आज तर वाळलेलेच कपडे बादलीत घालून वर नेताना पाहिली. गुडघे दुखतात म्हणते आणि जिने चढते. म्हातारपणी माणसं विसराळू होतात, मीच सांभाळून घ्यायला हवं.

१५ मार्च, रविवार

पुन्हा तेच! ब्लॉक करूनही भाषण दोनदा कोसळलं. चिटणिसांचा निरोप आला: "सर, अजून एक-दोन वेळा बघू, नाहीतर दुसऱ्या कुणाला..." दुसऱ्या कुणाला!

म्हणजे चोरानं दुसरी वाट काढली. गच्चीवरून तार आणली असणार. हा सामान्य चोर नाही. आणि पासवर्ड त्याला कुठून कळला, हे आज लख्ख आठवलं. नेटवाला काय म्हणाला होता? खालच्या शिंप्यालासुद्धा पाठ होईल!

२० मार्च

शिंप्याच्या दुकानासमोरून चार-पाच वेळा गेलो. माणूस कसा वागतो ते पाहिलं. मान खाली घालून काज करत बसतो. मला बघून म्हणाला, "सर, कोटाचं अस्तर उसवलंय तुमचं. टाकून जा, टाके घालून देतो."

चोर असा गोडच बोलतो. कोट दिला नाही.

२२ मार्च, रविवार

आजही भाषण तुटलं. पण संध्याकाळी जे भाषण झालं ते माझ्या आयुष्यातल्या मोजक्या भाषणांत बसेल, आणि त्याला तार लागली नाही, राउटर लागला नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगून जिन्याखालच्या मोकळ्या जागेत इमारतीची बैठक बोलावली. सगळे आले. शिंपी मागे उभा होता, गळ्यात टेप. मी हळू सुरुवात केली. विश्वासावर बोललो. एका छपराखाली राहण्यावर बोललो. मग आवाज चढवला आणि बोट उचललं.

शिंप्याला घाम फुटला. त्यानं खिशातून फोन काढला. "सर, हा बघा ना माझा. बटणांचा आहे. यात कुठनं येणार वाय-फाय? मला तर ते काय असतं तेही—"

"बघा!" मी गरजलो. "चोर नेहमी रिकामे हात दाखवतो!"

काय टाळ्या पडल्या! एक जण ओरडला, "चोर तो चोर, वर शिरजोर!" शिंपी फोन तसाच पुढे धरून उभा राहिला. त्याचे ओठ हलत होते, पण आवाज बाहेर येत नव्हता. बोलण्याची कला नसलेल्या माणसाची ही दशा होते.

दोन ठराव झाले. शिंप्यानं दुकानाची जागा आठवड्यात सोडायची. आणि गच्चीतून चोरट्या तारा येऊ नयेत म्हणून गच्चीला कुलूप, किल्ली माझ्याकडे. सेक्रेटरी म्हणाले, "सर बोलले, म्हणजे झालं." सगळ्यांचे हात वर झाले. मागे भिंतीला टेकून ही उभी होती. तिचा हात तेवढा तोंडावर होता. जांभई असावी, दिवसभर दमते.

२४ मार्च

आज हिनं मला थक्क केलं.

मी वाचत बसलो होतो. समोर येऊन उभी राहिली. "तो चोर मी आहे," म्हणाली.

मी हसलो. ती हसली नाही. पदराआडून एक मोबाइल काढून टेबलावर ठेवला. "वरच्या नर्सचा जुना आहे. तुमचं वाय-फाय आलं तेव्हापासून त्यावर बोलते मी. मागच्या खोलीत बसून. त्या गरीब माणसाला जागा सोडायला लावू नका."

मला सगळं क्षणात उलगडलं. शिंपी तिला चिंध्या देतो, लोकर गुंडाळायला पुठ्ठे देतो. हिचं मन लोण्याचं. त्याचा आळ हिनं अंगावर घ्यायचं ठरवलं आणि नर्सनं तिला जुना फोन पुरवला!

"तू? तुला मिक्सर लावता येत नाही. बरं, पासवर्ड सांग पाहू."

ती सरळ उभी राहिली आणि एकेक अक्षर म्हणत गेली. एम, यू, के, टी, ए. शेवटपर्यंत. उद्गारचिन्हसुद्धा सोडलं नाही. अगदी माझ्या पट्टीत.

"वा! पढवलंय चांगलं शिंप्यानं."

"अहो, तुम्ही एकदा माझं ऐका! चालू करा ते. पाया पडते तुमच्या. गच्चीही बंद केलीत तुम्ही. दिवस भरत आलेत तिचे. डॉक्टर म्हणतात अवघड आहे. आईशी बोललं की तिला धीर येतो, दुसरं कोण आहे तिला—"

मी हात वर केला. शब्द म्हणजे शब्द. ज्या व्यक्तीला या घरात नाव नाही, तिची कहाणी मी ऐकणार नाही, आणि शिंप्याला वाचवण्यासाठी तर मुळीच नाही. दयेपोटी का होईना, खोटं ते खोटंच.

तिनं पदर खोचला. मग फोन उचलून आत गेली. जाता जाता म्हणाली, "तिनं त्या दिवशी सभेत विचारलं, ते बरोबरच विचारलं."

रात्री जेवण नेहमीसारखंच वाढलं. म्हणजे राग फार खोल नसावा.

२८ मार्च

शिंप्यानं जागा रिकामी केली. मशीन हातगाडीवर चढवत होता. ही खाली जाऊन त्याच्याशी काहीतरी बोलली. मी खिडकीतून पाहिलं, ती हात जोडून उभी होती आणि तो मान हलवत होता. उद्या त्याचं दुकान नाही, म्हणजे चोरीही नाही. उद्या कळेल कोण खरं ते.

२९ मार्च, रविवार

सत्य जिंकलं! पूर्ण भाषण, एकही खंड नाही. काल चोर गेला, आज वाय-फाय मोकळं झालं, हातच्या कांकणाला आरसा कशाला! उकाडा होता म्हणून टेबलफॅन माझ्यामागे कपाटावर लावला होता. वारा सुटला होता, केस उडत होते, ऐकणाऱ्यांनी लिहिलं, 'सर, वादळ आहात!'

आजचा विषय 'बोलण्याचा अधिकार'. अगदी रंगात आलो असताना ही दारात आली. "गच्चीची किल्ली द्या," म्हणाली. किल्ली माझ्या कोटाच्या खिशात होती. मी तिच्याकडे न बघता तळहात उभा धरला, थांब. ती थांबली नाही. "तुमचा फोन तरी द्या. एकच मिनिट." पडद्यावर कुणीतरी लिहिलं, 'मागे कोण बाई आहेत?' मी लय सुटू दिली नाही. म्हणालो, "बघा, सत्य बोलणाऱ्याला घरातूनही अडवलं जातं, तरी तो बोलत राहतो!" केवढी दाद आली त्या वाक्याला. हा मुरलेल्या वक्त्याचा हजरजबाबीपणा आहे, शिकवून येत नाही.

भाषण संपवून बाहेर आलो तर घरात कुणी नाही. हिच्या चपला दारातच होत्या. चहा स्वतः केला.

अंधार पडताना आली. नर्सनं तिला धरून आणलं होतं. पावलं धुळीनं भरलेली, एका अंगठ्यातून रक्त. कुठं गेली होतीस, मी विचारलं. नर्सच बोलली.

"काका, बसून घ्या. तुमच्या जावयांचा फोन आला मला. दुपारी अचानक सिझर करावं लागलं. मुलगा झालाय, फार लहान आहे, काचेत ठेवलंय. पण तिचं रक्त थांबलं नाही, काका." मग हिला खुर्चीत बसवत म्हणाली, "आत नेईपर्यंत ती काकूंना फोन लावत होती. लागत नव्हता. आज माझी दिवसपाळी, धावून जायला खाली शिंपी नाही, गच्चीला कुलूप. काकू अनवाणी मोठ्या रस्त्यापर्यंत पळत गेल्या. तिथं रेंज आली तोवर..."

मी म्हणालो, "वाय-फाय तर दुपारभर उत्तम चालू होतं."

नर्स माझ्याकडे बघत राहिली. या पिढीला ज्येष्ठांकडे कसं बघावं तेही कळत नाही.

३० मार्च

लोक दोन शब्द बोलून जातात. मी त्यांना सांगतो, जी या घरात नव्हतीच, ती जाणार कशी? वाक्य ठाशीव आहे. पण कुणी मान डोलावत नाही.

आज आवाज जरा बसला आहे. फॅनचा वारा लागला असणार.

३१ मार्च

ही गेली. छोटी बॅग घेतली. सेक्रेटरींचा भाऊ गाडीनं सोडणार होता.

जाताना हॉलमध्ये आली, स्टूल ओढलं, गुडघे दुखत असताना त्यावर चढली आणि राउटरवरचं झाकण काढू लागली. एकेक अँटेना नळीतून अशी हलक्या हातानं सोडवली, जशी ती दुखेल.

"ते कशाला नेतेस? यंत्राचं आहे ते."

"हे यंत्रासाठी विणलं नव्हतं."

तिनं ते उलटून पाहिलं. आतून लोकर करपून तपकिरी झाली होती, नाकाशी धरून वास घेतला. मग चुरगळलेली टोकं हातानं सरळ केली, दोन्ही नळ्या घडी घालून छातीवर दुमडल्या, जसे कुणाचे हात दुमडावेत.

"जळकं नेऊन काय करणार?"

"तिनं रंग सांगितला होता," ती म्हणाली. "पिवळा घे, म्हणाली होती. आई, मुलगा असो की मुलगी, पिवळा चालतो."

हे तिनं नाव न घेता सांगितलं, म्हणून मी अडवू शकलो नाही.

"परत कधी येणार?"

ती दारात थांबली. इतकी वर्षं ती माझ्यासमोर असायची, पण ती बोलण्याची वाट बघण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. आज मी वाट बघितली. ती काही बोलली नाही. दार ओढून घेतलं, हळू, आवाज न करता.

५ एप्रिल, रविवार

आजचं भाषण सर्वोत्तम. चित्र काचेसारखं, एक शब्द गळला नाही. फॅनही लावला नव्हता. राउटरला हात लावून पाहिला, गार. शिंपी गेल्यावर यंत्राचा सगळा ताण उतरला, हे याहून स्पष्ट कसं सिद्ध व्हायचं? चिटणिसांनी कळवलं की पुढचे सहा महिने रविवार माझेच.

भाषणानंतर मोबाइल घेऊन खोलीखोलीत फिरलो. हॉलमध्ये पूर्ण रेघा. स्वयंपाकघरात पूर्ण रेघा. मागच्या खोलीत पूर्ण रेघा. तिथं जमिनीवर पिवळ्या लोकरीचा एक गुंडा पडला होता, तो टोपलीत ठेवला. अॅप उघडलं. यादीत माझ्याशिवाय आता कुणी नाही. ब्लॉक केलेल्यांत तो चोर अजून दिसतो. राहू दे तिथंच, पुन्हा डोकं वर काढायला नको.

शांतता एवढी आहे की मी बोललेला शब्द भिंतीवरून परत येतो. वक्त्याला अशी जागा भाग्यानं मिळते.

एकच आहे. राउटर उघडा पडलाय आणि त्यावर धूळ बसायला लागली. ही आली की सांगेन, लोकर शिल्लक आहे, आणखी एक वीण म्हणून. तसंच. दोन बाह्यांचं.